कुठवर आलात?

परभणीच्या जुन्या पेठेत एक वाचनालय आहे. शहरात शंभरी ओलांडलेलं गणेश वाचनालय आहे, कृषी विद्यापीठाचं भलंमोठं ग्रंथालय आहे. त्यांच्यापुढं हे अगदीच किरकोळ. शासनाच्या अ-ब-क-ड वर्गवारीत शेवटच्या अक्षराला टेकलेलं. दोन खोल्या, सहा कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल आणि भिंतीवर बी. रघुनाथांचा फोटो. सातोन्यात १९१३ साली जन्मलेला, बांधकाम खात्यात कारकुनी करता करता कविता-कादंबऱ्या लिहून १९५३ साली ऐन चाळिशीत गेलेला हा लेखक परभणीकरांना घरचा माणूस वाटतो. फोटोखाली ग्रंथपाल मॅडमचं टेबल. झाडलोटीपासून देवघेवीपर्यंत सगळं मॅडमच बघत.

अनुदानाच्या तपासणीला लागतात त्या सगळ्या वह्या तिथं होत्या: दाखल नोंदवही, सभासदांची, वर्गणीची, देवघेवीची. मॅडमनी आणखी एक वही स्वतःच्या हौसेनं घातली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘सध्या काय वाचताय?’ आत चार रकाने आखलेले: नाव, पुस्तक, लेखक आणि शेवटचा, ‘कुठवर आलात?’ दर शनिवारी संध्याकाळी सहाला वाचणारी सात-आठ माणसं जमत, टपरीवरून चहा येई, प्रत्येकजण आपण काय वाचतोय ते सांगे आणि वहीत नोंद करी. पहिले तीन रकाने सगळे भरत. चौथा बहुतेक कोरा राही.

या बैठकीत मानाची खुर्ची सरांची. सर एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते, तेव्हा सर स्वागताच्या कामात होते. ही गोष्ट ते नव्या सभासदाला पहिल्याच भेटीत सांगत. शनिवारी त्यांच्या हातात जाडजूड ग्रंथ असे. “यंदा महाभारत पुन्हा हाती घेतलंय. शांतिपर्व. काय सांगू, ज्ञानाचा सागर आहे!” मग लोक माना डोलावत. सरांच्या चौथ्या रकान्यात कधी काही नसायचं. असलंच तर ‘पूर्ण’ एवढा एकच शब्द.

दाराजवळच्या बाकावर नाना बसत. नाना मोंढ्यातले हमाल. शाळा सातवीपर्यंत. सोयाबीन आणि कापसाच्या हंगामात मोंढ्यातून थेट येत, तेव्हा कॉलरीला आणि भुवयांना भुसकट चिकटलेलं असे. वाचनालयाचं पुस्तक रुमालात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून आणत आणि उघडण्याआधी हात धोतराला पुसत. वाचताना ओळीखाली बोट फिरे. पोत्यांचा हिशेब चुटकीसरशी करणारा हा माणूस वाचायला बसला की एका पानाला पंधरा मिनिटं लावी.

“नाना, या आठवड्यात काय?” मॅडम विचारत.

“बनगरवाडीच वाचायलो. अठ्ठाविसाव्या पानावर हाय.”

“अजून तेच?” सर हसून म्हणत. “अहो, ते एका बैठकीत संपवायचं पुस्तक आहे.”

“संपंल की सर. घाई काय हाय.”

नानांचा चौथा रकाना मात्र कधी कोरा नसे. अठ्ठावीस, मग एकतीस, मग अडतीस. एखाद्या आठवड्यात आवक जास्त झाली तर आकडा तोच. पुढं कंसात ‘पोते लई होते’.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो. शाळेत पोरं नाहीत, ती मेंढरांमागं रानात. हळूहळू मास्तर वस्तीचा होतो, त्याच्या खटपटीनं तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ सगळी वस्ती उठवून नेतो. पुस्तक तसं लहानसं. पण नानांच्या बोटाबरोबर ते परभणीत महिनोन् महिने चाललं, आणि त्यातून एक गंमत झाली. बैठकीतली माणसं नानांच्या आकड्याची वाट बघू लागली.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा होते, उर्दू कथा वाचणारे. ते दारातूनच विचारत, “नाना, तुम्हारा मास्टर क्या बोलता? बच्चे आये क्या स्कूल में?” विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणारी, रब्बी ज्वारीवर काम करणारी एक मुलगी येई. तिनं ‘बनगरवाडी’ शाळेतच वाचली होती, तरी ती पुढचं काही बोलत नसे. नाना तिथं पोचेपर्यंत थांबे. एका बँकेतले रोखपाल घरी जाऊन बायकोला सांगत आणि पुढच्या शनिवारी तिचा प्रश्न घेऊन येत. मॅडमच्या लक्षात आलं की बाकीच्यांच्या पुस्तकांची नावं कळतात आणि विसरली जातात. नानांचं पुस्तक मात्र सगळे वाचतायत.

शेकूच्या बायकोचा प्रसंग आला त्या शनिवारी नाना बराच वेळ गप्प बसले. शेकूला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला खांदा लावते.

“हितं चार दिवस थांबलो,” नाना म्हणाले. “पुढं वाचवंना.”

मग मुलीनं विचारलं, “नाना, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?”

“आसंल धा वर्षाचा. मिलो खाल्लाय आम्ही, ती लाल ज्वारी. मायबाप खडी फोडायला तलावावर. मधल्या सुट्टीत सुकडी मिळायची, तिथंच बसून खायची.” मुलगी म्हणाली, आमचं विद्यापीठही त्याच वर्षी निघालं, १९७२ साली. नाना हसले. “मंजी एकाच साली पोटाला मिलो अन् गावाला विद्यापीठ. बरं झालं की.”

त्या दिवशी चहा दोनदा मागवावा लागला. प्रत्येकाच्या घरात दुष्काळाची एकेक गोष्ट होती आणि ती एका पानावर अडलेल्या माणसामुळं बाहेर आली.

डिसेंबरात ‘बनगरवाडी’ संपली. नानांनी वहीत लिहिलं, ‘संपली. वाडी उठली.’ मग म्हणाले, “मला एक सांगा. दुष्काळात मानसानं वागावं कसं, ह्याचा कुणी मोठ्या मानसानं इचार केलाय का? जुन्या पोथ्यांत?”

मुलगी उत्साहानं म्हणाली, “केलाय ना! शांतिपर्वात आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडतो आणि विश्वामित्र भुकेनं... सर, तुम्ही सांगा. तुमचं तर नुकतंच झालंय.”

सगळे सरांकडं वळले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “तो भाग... हां. त्यात असं आहे की, धर्माचं तत्त्व फार सूक्ष्म असतं. भीष्म शरशय्येवर आहेत. युधिष्ठिर विचारतो. एकूण सार असं की, मनुष्यानं धैर्य सोडू नये.”

“अन् विश्वामित्र काय करतो?” नानांनी विचारलं.

“ते... मुळातून वाचण्यासारखं आहे,” सर म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

नानांनी ते शब्दशः घेतलं. सोमवारी ते मॅडमसमोर उभे राहिले. “सरांनी वापस केलं ना ते पुस्तक? मला द्या.”

जुन्या बांधणीचा खंड होता, कुणीतरी देणगी दिलेला. कणा मोडू नये म्हणून नानांनी तो टेबलावर पसरून उघडला आणि बोटानं अनुक्रमणिका धरून आपद्धर्माचा, म्हणजे संकटकाळी कसं वागावं त्याचा, भाग शोधला. पान उलटायला गेले तर उलटेना. दोन पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. छापखान्यात कागदाची घडी कापायची राहून गेलेली. त्याच्या पुढची दोन तशीच. पुढची चारही. नानांनी अंगठ्यानं कडा चाचपत पाहिलं. अर्ध्याहून जास्त खंड असाच मिटलेला होता. ‘पूर्ण’ असं ज्याच्या नावापुढं लिहिलं होतं, त्या पुस्तकाची ही पानं छापल्यापासून कुणाच्या नजरेला पडलेलीच नव्हती.

मॅडमच्याही ध्यानात आलं. त्यांनी देवघेवीची वही पुढं ओढली. सरांनी खंड नेला होता दोनदा. “नाना,” त्या हळूच म्हणाल्या, “गेलं वर्षभर हा माणूस आपल्याला ज्ञानाचा सागर सांगतोय! तुम्हाला ‘अजून तेच’ म्हणून चिडवतोय. शनिवारी हा खंड असाच टेबलावर ठेवा. बाकी काही बोलूच नका.”

नानांनी मान हलवली. “एक पट्टी द्या, मॅडम. लोखंडी असंल तर बरं.”

मॅडमनी स्टीलची फूटपट्टी दिली. नानांनी ती घडीत सरकवली आणि सावकाश, कडेला दाबत पुढं नेली. खर्र असा बारीक आवाज झाला. कागदाचा पांढरा चुरा टेबलावर पडला. बाहेरून चहाच्या रंगाची झालेली पानं आतून अजून फिकट होती आणि फाटलेल्या कडेला बारीक झालर आली होती. एक घडी, मग दुसरी. हात पोतं शिवणारा, पण कुठंही अक्षराला धक्का लागला नाही.

काम चालू असताना नाना बोलत होते. “बहात्तरला ती सुकडी मिळायची ना, ती घरी न्यायची मनाई व्हती. तिथंच खायची. माझी लहान बहीण घरी तापानं पडलेली. मायनं स्वतः नाही खाल्ली, मूठभर पदरात बांधली. निघताना गाठ सुटली अन् सांडली सगळी, मुकादमाच्या पुढ्यात. मायचं तोंड मला आजबी दिसतं. अन् तो मुकादम काय करावा? तलावाकडं तोंड करून हुबा राहिला. मायनं मातीसकट भरून घेईपोतर वळलाच नाही.”

पट्टी शेवटच्या घडीतून बाहेर आली. नानांनी चुरा तळहातावर गोळा केला आणि खिडकीबाहेर टाकला.

“सरांच्या पदरात काय बांधलंय, आपल्याला काय ठावं?”

शनिवारी बैठक भरली. मॅडम जरा आखडूनच बसल्या होत्या. नानांची पाळी आली.

“मी शांतिपर्व वाचायलो. आपद्धर्माचं चौथं पान. अन् अडलोय. भाषा लई जड हाय. एक ओळ कळती, दुसरीला दम लागतो. सर, तुमच्याशिवाय हे मला पेलायचं नाही. मोंढ्याला सुट्टी आसंल तवा दुपारी घंटाभर बसाल का माझ्यासंगं? मी वाचतो, तुम्ही फोड करून सांगा.”

सरांनी खंड हातात घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. झालर बोटाला लागली तशी ती बोटं तिथंच थांबली. त्यांनी नानांकडं पाहिलं. नाना चहात बिस्कीट बुडवत होते.

“बसू,” सर म्हणाले. एवढंच.

दोघांची पहिली दुपार अवघड गेली. नाना एकेक शब्द लावत वाचत होते आणि सर समासांची फोड करून सांगत होते. त्यात सर वाकबगार. शाळेत तीस-पस्तीस वर्षं त्यांनी संस्कृत शिकवलं होतं. तासाभरात दीड पान झालं. मग अचानक सर म्हणाले, “नाना, मी हे वाचलेलं नव्हतं.”

“आता वाचताव ना,” नाना म्हणाले.

“नुसतं हेच नाही हो. निवृत्त झाल्यापासून कुठलंच पुस्तक पुरं होत नाही. दोन पानं झाली की मन निसटतं. पुन्हा मागं येतो, पुन्हा तेच. जन्मभर पोरांना ‘वाचा, वाचा’ म्हणून सांगितलं. सगळं गाव मला वाचणारा माणूस म्हणून ओळखतं. आता माझ्याच्यानं वाचवत नाही, हे सांगू कुणाला?”

नाना थोडा वेळ विचार करत राहिले. “माझ्या बोटाच्या चालीनं चाललं तर जमतंय का?”

सरांना हसू आलं. खरोखरच जमत होतं. दीड पान झालं होतं आणि मन कुठंच गेलं नव्हतं.

अशा रीतीनं त्या दोघांनी विश्वामित्राची गोष्ट गाठली. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेनं व्याकूळ झालेला ऋषी चांडाळवस्तीत येतो. रात्री एका झोपडीतलं कुत्र्याचं मांस चोरायला हात घालतो. चांडाळ जागा असतो. तो ऋषीला धर्म सांगतो: असलं अन्न तुम्हाला वर्ज्य आहे, असं करू नका. विश्वामित्र उत्तर देतो: आधी जगलं पाहिजे, जगला तर माणूस धर्म करील. दोघंही आपापलं म्हणणं सोडत नाहीत. ऋषी मांस नेतो, देवांना त्यातला भाग काढून ठेवतो, आणि मग पाऊस पडतो.

“काय म्हणता नाना, कोण बरोबर?” सरांनी विचारलं.

“दोघंबी. चांडाळ बोलला ते खरं, अन् भूक बोलली तेबी खरं. पण एक हाय सर. येवढा मोठा ऋषी, तो चांडाळाला ‘मी भुकेला नाही’ असं नाही म्हणाला. भूक हाय म्हणूनच सांगितलं.”

सर काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी वही ओढली आणि नाव, पुस्तक, लेखक लिहून झाल्यावर पेन चौथ्या रकान्यात नेलं. लिहिलं: ‘आपद्धर्म, नववे पान. नानांसोबत. हळू चालले आहे.’

रोखपाल शेजारी बसले होते. त्यांनी ते वाचलं, थोडे घुटमळले आणि स्वतःच्या जुन्या नोंदीपुढं लिहिलं: ‘पस्तिसाव्या पानावर सोडले. कंटाळा आला.’ मुलीनं प्रबंधाच्या नादात तीन कादंबऱ्या अर्ध्यावर टाकल्याचं कबूल केलं. चाचा म्हणाले, “मेरा तो चश्मा टूटे दो महीने हुए. वही कहानी बोल रहा था, पिछले साल की.” सगळे खदखदून हसले. दुसऱ्याच दिवशी रोखपालांनी चाचांना स्कूटरवर बसवून स्टेशन रोडला चष्म्याच्या दुकानात नेलं. कंटाळ्यानं सोडलेलं पुस्तक मुलीनं रोखपालांकडून मागून घेतलं आणि ‘पहिली चाळीस पानं सोडून वाचा, मग रंगतं’ असं सांगून परत केलं.

संमेलनाची गोष्ट सरांनी पुन्हा एकदा सांगितली, तेव्हा नाना म्हणाले, “मीबी व्हतो की सर तिथं. मंडपात खुर्च्या उतरवायला. अध्यक्षांचं भाषण मागं हुबं राहून ऐकलं. गिरणीत काम केलेला माणूस अध्यक्ष झालाय म्हणले, म्हणून थांबलो. घरी जाताना वाटलं, आपुनबी वाचावं कायतरी.” इतक्या वर्षांत हे नानांना कुणी विचारलंच नव्हतं.

फेब्रुवारीत, उरूस भरात असताना, वाचनालयाची तपासणी आली. साहेबांनी सगळ्या वह्या पाहिल्या, सह्या केल्या. शेवटी ती वही हाती लागली. “ही कशासाठी? कोणत्या नियमात बसते?”

“कुठल्याच नाही, साहेब,” मॅडम म्हणाल्या.

साहेब पानं चाळू लागले. ‘पोते लई होते’ वाचून हसले, ‘कंटाळा आला’ वाचून थांबले. मग ‘हळू चालले आहे’वर बराच वेळ रेंगाळले. खिशातलं पेन काढलं आणि नेहमीच्या शेऱ्याच्या अक्षरात शेवटच्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. पुस्तक लिहिलं, लेखक लिहिला. चौथ्या रकान्यात लिहिलं: ‘बारावे पान. दोन वर्षांपासून.’

“शनिवारी किती वाजता बसता म्हणालात?” त्यांनी विचारलं.

वाचनालय अजून ‘ड’ वर्गातच आहे. अनुदानात एक रुपयाची भर पडली नाही. शनिवारी मात्र खुर्च्या कमी पडतात आणि नवा माणूस आला की त्याला पुस्तकाच्या नावाआधी पान विचारतात.

तात्पर्य: काय काय वाचून संपवलं हे सांगणाऱ्याचं लोक कौतुक करतात आणि आपापल्या घरी जातात. कुठं अडलोय हे सांगणाऱ्याशेजारी कुणीतरी खुर्ची ओढून बसतं. आणि दुसऱ्याचं पान कोरं दिसलं, तर त्याचा बोभाटा करण्यापेक्षा पट्टी घेऊन घडी उघडावी. वाचायला सोबत मिळते.